मर्लो म्हणून खपलेली कार्मेनेर 🍇

चिलीमध्ये वर्षानुवर्षं ‘मर्लो’ म्हणून विकली गेलेली बरीचशी वाईन मर्लोची नव्हतीच! १९९४ साली फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ झाँ-मिशेल बुर्सिको तिथल्या एका मळ्यात गेले आणि वेली पाहून त्यांनी ओळखलं, की ही तर कार्मेनेर.

ही जात मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळं पोखरणाऱ्या फिलॉक्सेरा किडीनं तिथले मळे उद्ध्वस्त केले. नव्यानं लागवड करताना या लहरी, उशिरा पिकणाऱ्या जातीच्या वाटेला कुणी फारसं गेलंच नाही. पण तिच्या काड्या त्याआधीच चिलीत पोचल्या होत्या, आणि तिथे ती कीड पसरलीच नाही. म्हणून वाचली बिचारी.

गोंधळ होणं साहजिकच होतं. डीएनए चाचण्यांनुसार मर्लो आणि कार्मेनेर ही सावत्र भावंडं. कॅबर्ने फ्राँ हे दोघांचंही पालक. कॅबर्ने सोव्हिन्यों हेही त्याचंच अपत्य, आणि त्याचं दुसरं पालक चक्क पांढरं द्राक्ष, सोव्हिन्यों ब्लाँ! हे नातं १९९७ साली उघड झालं.

मर्लो लवकर पिकते, मऊ लागते. कार्मेनेर त्यानंतर काही आठवड्यांनी पिकते. मर्लोसोबतच तोडली, तर वाईनला कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येतो. नीट पिकू दिली, तर रंग गडद, चव मसालेदार. मला स्वतःला तो किंचित हिरवट वास आवडतो.

चिलीची कार्मेनेर मिळाली, तर मर्लोशेजारी ठेवून चाखा आणि कोणती आवडली ते कळवा.