दिवसाला दहा रुपयांचा दिवा

महिन्याला तीनशे रुपये जड जातात. रोज दहा रुपये मात्र देता येतात. पथारीवाल्यांचे हे गणित बंगळूरचे उद्योजक हरीश हंदे वर्षानुवर्षे आपल्या भाषणांतून सांगत आले आहेत. कागदावर दोन्ही रकमा सारख्याच. परंतु ज्याची कमाई रोज संध्याकाळी हातात येते आणि रात्रीपर्यंत संपते, त्याच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत. स्वस्त सौरऊर्जेची चर्चा बहुधा पॅनेलच्या किमतीपासून सुरू होते व तिथेच संपते. हंदे यांनी १९९५ मध्ये नेव्हिल विल्यम्स यांच्यासमवेत स्थापन केलेल्या 'सेल्को' या कंपनीची वाटचाल पाहिली, तर खरी अडचण पॅनेलमध्ये नव्हे, हप्त्यात होती असे दिसते.

खरगपूरच्या आयआयटीतून ऊर्जा अभियांत्रिकीची पदवी घेऊन हंदे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पीएचडीसाठी गेले. तेथे असताना त्यांचे डॉमिनिकन प्रजासत्ताकात जाणे झाले. साधी, गरीब कुटुंबे पदरचे पैसे मोजून सौरदिवे वापरत असल्याचे त्यांनी तेथे पाहिले आणि संशोधनाचा रोखच ग्रामीण विद्युतीकरणाकडे वळवला. गरिबांना असे तंत्रज्ञान परवडत नाही, त्यांना ते सांभाळता येत नाही आणि गरिबांसाठीचा उद्योग व्यापारी तत्त्वावर चालू शकत नाही, हे तीन समज खोटे ठरवण्यासाठी कंपनी काढल्याचे ते सांगतात.

पहिला समज तसा निराधार नव्हता. त्या काळी चार दिव्यांच्या घरगुती सौरसंचाची किंमत पंधरा ते वीस हजार रुपयांच्या घरात होती. छपरावर सुमारे ४० वॉटचे पॅनेल, घरात बारा व्होल्टची बॅटरी, ती प्रमाणाबाहेर भरू वा रिकामी होऊ न देणारा चार्ज कंट्रोलर आणि दिवे, एवढाच हा संसार. रोख एवढी रक्कम देणे शेतमजुराला अशक्य. उदाहरणादाखल १८ हजारांचा संच धरू. पंधरा टक्के, म्हणजे २,७०० रुपये ग्राहकाने आधी भरले आणि उरलेले १५,३०० रुपये बँकेने १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी दिले, तर मासिक हप्ता सुमारे ३४० रुपयांचा बसतो. म्हणजे दिवसाला अकरा-साडेअकरा रुपये. रॉकेल, मेणबत्त्या आणि बॅटरीचे सेल यांवर आधीच पैसे मोजणाऱ्या घराला हा आकडा अपरिचित वाटत नाही.

प्रश्न होता तो बँकेच्या व्यवस्थापकाचा. गाय किंवा पंपासाठी कर्ज देणे त्याच्या अंगवळणी पडलेले. दिव्यासाठी कर्ज ही कल्पनाच नवी. दिव्यातून उत्पन्न येत नाही, हा आक्षेपही नेहमीचाच. मात्र रात्री दोन तास अधिक विड्या वळल्या वा टोपल्या विणल्या तर उत्पन्न वाढते, हे पटवण्यासाठी शाखाशाखांत खेटे घालावे लागले. कर्नाटकातील ग्रामीण बँका आणि सिंडिकेट बँक यांनी दार उघडले. यामागे थोडा इतिहासही आहे. रोज घरी वा दुकानात येऊन चिल्लर जमा करणारा पिग्मी एजंट महाराष्ट्रातील छोट्या दुकानदारांनाही चांगला ठाऊक आहे. ही पिग्मी ठेव योजना १९२८ मध्ये सुरू केली ती याच सिंडिकेट बँकेने. (ही बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली.) रोजच्या मिळकतीला रोजचा हिशेब लागतो, हे त्या किनारपट्टीला हंदे यांच्या फार आधी कळलेले होते.

पुढे २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने कॅनरा व सिंडिकेट या बँकांच्या साह्याने सौरकर्जावरील व्याजात सवलत देणारी योजना आणली आणि ती सवलत टप्प्याटप्प्याने काढून घेतली. चार-पाच वर्षांत हजारो घरांना अशी कर्जे मिळाली.

सांभाळण्याच्या प्रश्नाचे उत्तर अधिक रुक्ष आहे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते; बॅटरी मात्र काही वर्षांतच मान टाकते, आणि तिच्यात पाणी घालायला कोणी फिरकले नाही तर त्याहून लवकर. दिवा विझला की हप्ताही थांबतो. म्हणून कंपनीने जवळपास शाखा आणि शाखेत स्थानिक तंत्रज्ञ ठेवण्यावर भर दिला. अनुदानातून वाटलेले किती संच देखभालीअभावी अडगळीत गेले, हे ग्रामीण भागात फिरलेल्यांना सांगायला नको.

संचही सरसकट एकच नव्हता. पहाटे गुलाब तोडणाऱ्यांना आणि बाळंतपण करणाऱ्या सुईणींना दोन्ही हात मोकळे हवेत. त्यांच्यासाठी कपाळावर बांधायचा दिवा झाला. पथारीवाल्यांसाठी एका स्थानिक व्यक्तीने दिवसा बॅटऱ्या भरायच्या आणि संध्याकाळी दिवे भाड्याने द्यायचे, अशी व्यवस्था बसवली गेली. शाळांच्या छपरावर पॅनेल लावून मुलांना बॅटरी दिली गेली. ती शाळेत आणून भरायची आणि दप्तराबरोबर घरी न्यायची. घरात उजेड हवा तर मूल शाळेत गेले पाहिजे, हा त्यातला बेत.

वाटचाल सरळ मात्र नव्हती. २००४ नंतर जर्मनीने सौरविजेला घसघशीत दर दिल्याने तेथील मागणी उसळली, शुद्ध सिलिकॉनचा जगभर तुटवडा पडला आणि पॅनेल महागले. युरोपातील छपरे चमकू लागली, त्याचा फटका कर्नाटकातल्या खेड्याला बसला. कंपनी तोट्यात गेली. नवे गुंतवणूकदार मिळवून तिची घडी पुन्हा बसवावी लागली. २०११ मध्ये हंदे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर एक लाखाहून अधिक घरांत तिचे दिवे पोहोचले होते. त्याच वर्षी हा सन्मान जळगाव जिल्ह्यातील बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांनाही मिळाला. त्यांचे काम बचतगटांचे, म्हणजे पुन्हा छोट्या हप्त्यांचेच.

त्यानंतर चित्र पालटले. पॅनेलचा दर २००८ च्या सुमारास वॉटला चार डॉलरच्या आसपास होता. तो आज त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही खाली आला आहे. २०१७ च्या सौभाग्य योजनेनंतर तारा बहुतेक घरांपर्यंत गेल्या. नुसता दिवा विकण्याचे दिवस सरले, तशी सेल्को शिलाई यंत्रे, लोहारांचे भाते, पोळ्या लाटण्याची यंत्रे आणि आरोग्य केंद्रांकडे वळली. तेथेही यंत्र कमी विजेवर चालणारे नसेल तर पॅनेल मोठे लागते आणि हप्ता पुन्हा आवाक्याबाहेर जातो. त्यामुळे आधी यंत्रच सुधारावे लागते.

घरांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे, तारणाविना कर्जही आहे. त्यासाठी अर्जदाराच्या मालकीचे छप्पर आणि नावावर वीजजोडणी लागते. रस्त्याच्या कडेला भाजी मांडणाऱ्याकडे यांतले काहीच नसते. त्याला आजही दिवा भाड्यानेच घ्यावा लागतो.