डबीत नेमकं काय आहे?

मुका मार लागला की आपल्याकडे आधी हळदीचा गरम लेप लावतात. मग हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी सूज उतरते का, हे ठरवणं इतकं अवघड का?

पहिली चाचणी काचेच्या बशीत होते. प्रतिकारपेशींना जिवाणूंच्या आवरणातला एक घटक देऊन चिडवायचं आणि त्या सुजेची खूण असलेलं नायट्रिक ऑक्साइड किती सोडतात ते मोजायचं. इथे कर्क्युमिन छान गुण मिळवतं. पण ते स्वतःच पिवळं, अतिनील प्रकाशात चमकणारं आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारं. त्यामुळे मोजमापच फसू शकतं. 2017 साली काही रसायनशास्त्रज्ञांनी हा इशारा सविस्तर दिला, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

माणसात अडचण वेगळीच. पोटात घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं. बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तेव्हा रक्तात कर्क्युमिन 20 पट अधिक मिळालं. मात्र पायपरीन इतर औषधांचंही शोषण बदलतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊच नका.

औषधी अळंबीच्या बाबतीत तर चाचणीआधीच घोळ होतो. अमेरिकेत विकत घेतलेल्या रेशी या अळंबीच्या 19 नमुन्यांपैकी फक्त 5 लेबलशी जुळले. उरलेल्यांपैकी काहींत ट्रायटर्पीन या रेशीतल्या संयुगांचा पत्ता नव्हता. सापडलं ते पिठूळ पिष्ट.