पक्क्या रंगाचे माटुंगा

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. रंग सुटला की गिऱ्हाईक थान परत आणते. हे नुकसान आम्ही पुष्कळ सोसले. म्हणून माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान विभागाची हकीकत आम्हाला जवळची वाटते. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली तो काढला, तेव्हा विषय दोनच: वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. १९३८ साली रंगांचे जाणकार के. वेंकटरामन पहिले भारतीय प्रमुख झाले. पुढे केंब्रिजहून परतलेल्या मनमोहन शर्मांना १९६४ साली, अवघ्या २७व्या वर्षी, रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक नेमले. (आमच्या पेढीवर त्या वयाच्या पोराला गल्ल्याची चावी मिळत नाही!) तेच १९८९ साली संचालक झाले. २००८ साली विभागाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आमच्या मोहल्ल्यातून अजून एकही मुलगा तिथे गेलेला नाही.