मागे ओढायचं बिऱ्हाड

छोटा कॅम्पिंग ट्रेलर बघायला जाणारी माणसं आधी आत शिरतात, गादीवर बसून पाहतात, कप्पे उघडतात. माझं म्हणणं, त्याआधी आपल्याच मोटारीचं दार उघडावं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून गाडीने किती वजन वाहायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलरची निवड इथून सुरू होते.

समजा, तो आकडा ४०० किलो आहे. चार माणसांचे २८० गेले, बॅगा आणि शिध्याचे ६०. उरले ६०. ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, जो भार टाकतो, त्याला टंग वेट म्हणतात. तो भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा लागतो आणि तोही याच हिशेबात धरायचा असतो. म्हणजे ६०० किलोंचा ट्रेलर ६० ते ९० किलो खाणार. गाडी दीड हजार किलो ओढू शकते, असं जाहिरातीत लिहिलेलं असलं तरी तुमचं गणित इथेच अडतं. टंग वेट कमी ठेवून पळवाट काढायला मात्र जाऊ नये. वजन ॲक्सलच्या मागे सरकलं की हमरस्त्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि गाडीलाही खेचतो.

माहितीपत्रकातलं ‘ड्राय वेट’ हे रिकाम्या ट्रेलरचं वजन असतं. त्यात ७५ लिटर पाणी भरा, ७५ किलो वाढले. प्रोपेनचं नेहमीचं छोटं सिलिंडर भरल्यावर सतरा किलोंच्या आसपास जातं. शिवाय बॅटरी, भांडी, पांघरुणं. म्हणून तुलना करायची ती भरलेल्या वजनाच्या कमाल मर्यादेशी, आणि पहिल्या सहलीला निघताना ट्रकथांब्यावरच्या वजनकाट्यावर गाडी चढवून खात्री करायची.

या हलक्या घराण्यातला एक जुना प्रकार टिअरड्रॉप. १९३० च्या दशकात अमेरिकेत हौशी लोक तो घरीच बांधू लागले. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ने सप्टेंबर १९४७ च्या अंकात त्याचे आराखडे छापले, तेव्हा तो घरोघरच्या गॅरेजमध्ये पोचला. जुने टिअरड्रॉप बहुधा चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असत, कारण प्लायवूडचा तक्ता त्याच मापाचा येतो. आत फक्त झोपायचं. मागचं झाकण वर उचललं की ओटा, शेगडी, डबे. सकाळच्या गारठ्यात उघड्यावर उभं राहून पोहे परतायला मजा येते. पाऊस लागला की मात्र जेवणाचेही हाल आणि कपडे बदलायचेही, कारण आत उभं राहता येत नाही.

उभं राहायचं असेल तर तेरा फुटी फायबरग्लास. कॅनडातल्या विनिपेगचे रे ओलेको आधी फायबरग्लासच्या सेप्टिक टाक्या बनवत. त्याच कल्पनेतून १९६८ साली ‘बोलर’ हा ट्रेलर निघाला. वरचं आणि खालचं अशी दोन कवचं साच्यातून काढून मधोमध जोडलेली, रिकाम्याचं वजन साडेचारशे किलोंच्या आत. मिनेसोटातला ‘स्कॅम्प’ हा त्याच वळणाचा आणि अजूनही बनतो. छताला सांधे नाहीत, त्यामुळे गळती कमी. म्हणूनच असे जुने ट्रेलर आजही चांगली किंमत मिळवतात.

घडीचा कापडी ट्रेलर सगळ्यांत स्वस्त आणि ओढायला सोपा. पण ओलं कापड मिटून ठेवलं की बुरशी धरते. शिवाय यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या तळावर ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळे कापडी भिंतींना प्रवेशच नाही.

मला विचाराल तर दोघांनीच, ॲरिझोना-युटासारख्या कोरड्या मुलखात हिंडायचं असेल तर टिअरड्रॉप डोळे मिटून घ्यावा. सिॲटलकडच्या पावसात राहणाऱ्यांनी, किंवा भारतातून आलेल्या आई-बाबांना सोबत नेणाऱ्यांनी फायबरग्लासच पाहावा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री टिअरड्रॉपमधून रांगत बाहेर पडायला लावणं बरं नव्हे. आणि कोणताही घ्या, छतात पंखा हवाच. एवढ्याशा जागेत दोन माणसांच्या श्वासाने पहाटे भिंती पाझरतात.

ब्रेकचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासून, म्हणजे सुमारे ६८० किलोंपासून, कॅम्प ट्रेलरला ब्रेक लागतात आणि ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल.

जुना ट्रेलर घेताना रंगावर जाऊ नये. छतावरचा झरोका, मागच्या झाकणाची बिजागरी आणि दिव्यांच्या कडा इथे अंगठ्याने दाबून पाहावं. लाकूड मऊ लागलं तर पाणी आत मुरलंय. फायबरग्लासच्या जुन्या ट्रेलरमध्ये जमिनीचं प्लायवूड कुजतं, तेव्हा गालिचा उचलायला सांगावं, विक्रेता कुरकुरला तरी. मग खाली वाकून सांगाडा पाहावा. दांडा जिथे चौकटीला जोडलेला असतो तिथे तडे जातात. शेवटी टायर. बाजूवर कोरलेल्या संकेताचे शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. ट्रेलर वर्षातले बरेच महिने एकाच जागी उन्हात उभा असतो, त्यामुळे नक्षी कोरी दिसते आणि रबर आतून मेलेलं असतं. पाच-सहा वर्षांपुढचे टायर किमतीतून वजा करून घ्यावेत आणि घरी नेण्याआधीच बदलावेत.