जोड लावणारं घर

कोल्हापुरातल्या मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, काळाइमाम या तालमींची नावं कुस्ती पाहणाऱ्या माणसाला पाठ असतात. पण तिथं घाम गाळणारं पोर पहिल्यांदा लांग चढवतं ते बहुतेक वेळा आपल्या गावात, एखाद्या घरच्या तालमीत. आजोबा पैलवान, बाप वस्ताद, नातू मॅटवर खेळणारा आणि तालमीची किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीला, अशी घरं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या खेड्यांत अजून आहेत. वर्तमानपत्रात त्यांचं नाव येत नाही. यात्रेच्या पत्रकावर पैलवानाच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘पठ्ठा अमक्या वस्तादांचा’ एवढंच छापून येतं. हा लेख त्या बारीक अक्षरांबद्दल आहे.

खाशाबा जाधव अशाच घरातून आले. कराडजवळच्या गोळेश्वरात त्यांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांतल्या या धाकट्याला मातीची ओळख घरातच झाली आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेतलं. दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे दोनदा महाराष्ट्र केसरी झाले, पुढं त्यांचा मुलगा विनोद यानंही ती गदा उचलली. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पेठापेठांतल्या तालमी जगवल्या, १९१२ साली खासबागचं मैदान पुरं केलं. हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र राजाश्रय गेल्यावर गावोगावच्या तालमी कशावर चालल्या, हे फारसं कुणी विचारत नाही. त्या घरांवर चालल्या, घरातल्या माणसांच्या अंगावर चालल्या.

अशी तालीम बाहेरून काही दिसत नाही. मारुतीच्या देवळाला लागून बसकी इमारत, जाड भिंती, लहान दार आणि उजेडापुरता झरोका. वाकूनच आत जावं लागतं. आत शिरलं की तेल, हळद आणि ओल्या मातीचा मिळून एक वास येतो. पहाटे चारला वस्ताद दिवा लावतात आणि जे पोर पहिल्यांदा येईल ते फावडं हातात घेतं. हौद्यातली माती रात्रभरात बसलेली असते. ती उकरायची, ढेकळं फोडायची, खडा सापडला तर बाहेर टाकायचा, मग सपाट करायची. तांबडी माती चाळून तीत काव, हळद, तेल, ताक, लिंबाचा रस घातलेला असतो. ही माती जिवंत ठेवणं हे रोजचं काम आहे. कोरडी पडली की डोळ्यांत उडते आणि गुडघे सोलते, ओल जास्त झाली की पाय सरकतो. वस्ताद मूठभर माती दाबून बघतात. गोळा टिकला पाहिजे, पण बोटानं दाबताच फुटला पाहिजे. मग मारुतीला हात जोडायचे, चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि लढती सुरू.

वस्ताद डाव शिकवतो, हा आपला समज. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकेरी पट ही नावं आणि त्यांची चलचित्रं आता प्रत्येक पोराच्या मोबाइलमध्ये आहेत. वस्तादाचं खरं काम म्हणजे आज कुणाला कुणाशी धरायला लावायचं हे ठरवणं. तालमीत याला जोड लावणं म्हणतात आणि घरची तालीम चालते की मोडते ते इथंच ठरतं. सतत वरचढ गड्याखाली चेपलं गेलेलं पोर दोन महिन्यांत अंग चोरायला शिकतं. सतत दुबळ्याला पाडणारं पोर त्याहून लवकर बिघडतं. त्याला वाटतं आपल्याला कुस्ती आली. म्हणून वस्ताद प्रत्येक पोराला आधी वरचढ गड्याला भिडवतात, तिथं त्यानं फक्त टिकायचं. मग बरोबरीचा, त्याच्याशी खरी कुस्ती. शेवटी एखादं बारकं पोर, त्याला मात्र पाडायचं नाही, डाव लावू द्यायचा. वजन, वय, ताकद हे तर कुणालाही दिसतं. काल घरी भांडण झालंय का, परीक्षा आहे का, मागल्या मैदानात हरल्याचं अजून मनात आहे का, हे बघून जोड लावतो तो वस्ताद. माझ्या मते हे ज्ञान कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात मिळत नाही. ते पोरांच्या घरी चहाला गेल्यावर, त्यांच्या बापाशी बांधावर बोलल्यावर मिळतं.

घरच्या तालमीत सगळ्यात अवघड जोड असते ती स्वतःच्या पोराची. गेल्या पावसाळ्यात अशा एका तालमीच्या कट्ट्यावर बसलो होतो. वस्तादांचा मुलगा आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेलं एक पोर, दोघं एका वजनाचे. टोळी गेली, पोर वस्तादांनी ठेवून घेतलं. त्यानं पट काढला, वस्तादांच्या मुलाला खाली घेतलं आणि वरून घिस्सा भरायला लागला. बाकीची पोरं लढत सोडून वस्तादांकडं बघायला लागली. वस्ताद भिंतीला टेकून उभे होते, हललेसुद्धा नाहीत.

“माझ्याकडं काय बघताय रं? वर हाय त्यो काय करतोय, ते बघा.”

मुलगा चितपट झाला. उठला, अंगावरची माती झाडली. “पुन्यांदा धर,” एवढंच वस्ताद म्हणाले, आणि दोघं पुन्हा सलामीला आले. त्या वेळी वस्तादांनी मुलाची बाजू घेतली असती, नुसतं “सोड” म्हटलं असतं, तरी त्या तालमीतल्या इतर पोरांना कळलं असतं की इथला मालक कोण आणि भाडेकरू कोण. पोरं वयानं लहान असतात, पण पंक्तिप्रपंच त्यांना ताबडतोब कळतो.

पंक्तिप्रपंच म्हटलं की स्वयंपाकघर आलंच. घरच्या तालमीचा अर्धा कारभार तिथं चालतो. वस्तादांच्या पत्नीला सगळी पोरं काकी म्हणतात. रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलायचे, खसखस, बडीशेप, मिरी घालून कुंडीत घोटायचे, त्यात दूध घालून थंडाई करायची. घोटायचं काम पोरं करतात, वाटपाचं काकी. ज्याच्या घरून दूध येत नाही त्याचा पेला दुसऱ्याच्या दुधातून भरला जातो आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये याचीही काळजी त्याच घेतात. आजारी कोण, उपाशी कोण, कुणाच्या पाठीवर गजकर्ण उठलंय, कुणाची नखं वाढलीत, हे वस्तादांच्या आधी त्यांना समजतं. नायटा-गजकर्ण झालेलं पोर बरं होईपर्यंत हौद्यात उतरत नाही. हा नियम काकींचा आणि वस्तादही तो मोडत नाहीत.

पूर्वी अशा तालमीत फी नसे. गुरुपौर्णिमेला नारळ आणि फेटा, सुगीत शाळूचं पोतं, गुऱ्हाळ चालू झालं की गुळाची ढेप. या पद्धतीबद्दल आपण फार हळवं होऊन बोलतो. तालीम फुकट चालते म्हणणाऱ्यानं त्या घरातल्या बाईला एकदा विचारावं. म्हशीचा पेंडीचा खर्च, विजेचं बिल, पोराचा हात मोडला तर दवाखाना, हे सगळं कुणाच्या तरी संसारातून वजा झालेलं असतं. आता पोरं ठेवून घेणारी निवासी कुस्ती केंद्रं निघाली आहेत, तिथं महिन्याची फी असते आणि त्यात गैर काहीच नाही. घरच्या तालमींनीही फी घ्यावी, खुराकाचा हिशेब भिंतीवर लावावा, ज्याला जमत नाही त्याच्यासाठी गावानं द्यावं. वस्तादानं गरीब राहणं ही काही परंपरा नव्हे.

पैसे आले की बापांची घाई मात्र वाढते. सहा महिन्यांत “पोरगं मैदानात कधी उतरवायचं, वस्ताद?” सुरू होतं. याच घाईतून पावडरचे डबे आणि सुया तालमींच्या दारापर्यंत आल्या. घरच्या तालमीत त्या लपत नाहीत, कारण पोर तिथं जेवतं आणि झोपतं. हा तिचा मोठा फायदा.

दुसरा फायदा मुलींचा. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. त्यानंतर गावांतून मुली येऊ लागल्या, पण आईबाप मुलगी पाठवतात ती घर बघून. वस्तादांची स्वतःची मुलगी हौद्यात असेल, काकी दारात असतील, तर शेजारची मुलगी येते. मोठ्या नावाच्या तालमीला जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते या घरांना सहज जमलं.

मॅटचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मातीतली कुस्ती निकाली, पाठ टेकेपर्यंत चालणारी. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती आणि गुणांचा खेळ, फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी हे दोन्ही गट आहेत, शेवटची लढत दोन्हीकडच्या विजेत्यांत होते. म्हणजे पोराला दोन्ही यायला हवं. पण मॅटला लाखांत पैसे लागतात, त्याहून अवघड म्हणजे जागा लागते. मघाशी सांगितलेल्या तालमीच्या वस्तादांनी गोठ्याच्या मागं पत्र्याची शेड मारली आहे, आठवड्यातले तीन दिवस पोरं तिथं खेळतात. मातीत सोसायची ताकद येते, मॅटवर वेग. दोन्हींत भांडण लावणाऱ्यांना, मला वाटतं, पोरांपेक्षा वाद अधिक प्यारा असतो.

कोल्हापूर शहरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींची नावं आज फुटबॉलच्या मैदानावर गाजतात. त्यातही आनंदच आहे, पोरं मैदानावर आहेत. गावच्या तालमीला तसा दुसरा आधार नाही. तिला यात्रेचं मैदान लागतं. यात्रा कमिट्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे. एक नंबरच्या कुस्तीला लाखांचं इनाम लावून बाहेरचे नामवंत मल्ल जरूर आणा. पण त्याआधीच्या लहान कुस्त्या वेळ नाही म्हणून उरकू नका. त्यांची संख्या वाढवा, रेवड्या आणि नारळाच्या जागी पोराच्या आठवड्याच्या दुधाचे पैसे सुटतील एवढं इनाम ठेवा, आणि त्या जोडी लावायचं काम आपल्या पंचक्रोशीतल्या घरच्या वस्तादांना द्या. पत्रकावर त्यांचं नाव जरा ठळक छापा.