कयाकचा घागरा

मंडळी, नाव ऐकून हसू नका. कयाकमध्ये बसल्यावर कमरेपासून होडीच्या तोंडापर्यंत जे झाकण ओढून बसवतात त्याला ‘स्प्रे स्कर्ट’ म्हणतात, आणि दिसतो तो अगदी घाघऱ्यासारखाच. काम मात्र कोकणातल्या इरल्याचं. लाटेचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. आपली बरीच मुलं आता बहारीनच्या समुद्रात वल्ही मारतात, म्हणून हा प्रपंच. (भाड्याच्या कयाक बहुधा ‘वर बसायच्या’ असतात, त्यांना हा लागत नाही.)

मूळ कल्पना ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांची. ते सीलच्या कातड्याचा ‘टुइलिक’ घालत. डोक्यावरच्या टोपीपासून होडीच्या काठापर्यंत एकसंध अंगरखा, मनगटाशी आणि चेहऱ्याभोवती घट्ट आवळलेला. होडी उलटली तरी आत पाणी जात नसे. होडीसुद्धा मालकाच्या अंगाच्या मापाने बांधलेली! आपल्या मुहर्रकचे मोती काढणारे पाणबुडे जेलीफिशच्या दिवसांत पातळ सुती अंगरखा घालून उतरत, त्याचीच आठवण होते. समुद्रावरचा कपडा हौसेचा नसतो.

आता मापाचं. इथे दोन मापं लागतात, एक आपल्या कमरेचं आणि दुसरं होडीच्या तोंडाच्या काठाचं. दुकानदाराला कयाकचं मॉडेल सांगितल्याशिवाय घेऊच नये. आणि आपली ती सवय, ‘वाढत्या अंगाचा घ्या, दोन वर्षं चालेल’, ती इथे कृपा करून नको. कमरेला सैल असेल तर पाणी आत झिरपतं. उलट, काठावर फार घट्ट असेल तर होडी उलटल्यावर मुलाला तो निघायचा नाही, आणि डोकं पाण्याखाली असताना ताकद लावायला वेळ कुठला? म्हणून पुढचा ओढायचा पट्टा नेहमी बाहेर राहिला पाहिजे. पुढे वाकायचं, पट्टा पुढे ढकलून मग वर ओढायचा. पट्टा सापडला नाही तर कमरेजवळची कड चिमटीत धरून सोडवायची. उथळ पाण्यात, शेजारी जाणता माणूस उभा करून, मुलाकडून हे दहादा करून घ्या. ज्याला स्वतःचा स्कर्ट एका हाताने काढता येत नाही, त्याने तो घालून खोल पाण्यात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कापड कोणतं? नायलॉनचा हलका, स्वस्त आणि कमरेला कमी-जास्त करता येतो. पण मांडीवर पाण्याचं डबकं साचतं. निओप्रीनचा ताणून बसतो, पाणी रोखतो, पण ऑगस्टमध्ये तो घालणं म्हणजे पोटाला शेगडी बांधणं! इथल्यासाठी मला मिश्र प्रकार बरा वाटतो: कमरेला नायलॉन, खाली निओप्रीन. हिवाळ्यात शमाल सुटला की त्याची किंमत कळते.

टिकाऊपणाचा खरा शत्रू म्हणजे आपलं ऊन आणि मीठ. मोकळ्या महासागरात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, बहारीनभोवती बहुधा ४० च्या वर. ते शिवणीत वाळतं आणि दोरा कुरतडतं. घरी आल्यावर गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घाला, गच्चीवर नको. नवा निओप्रीन घट्ट वाटला तर ओला करून एक रात्र होडीवर चढवून ठेवा, सैलावतो. एरवी मात्र काढूनच ठेवावा. आधी झिजते ती काठाची कड. बारीक चीर असेल तर निओप्रीनचं सोल्युशन लावायचं, सायकलच्या पंक्चरसारखंच. मनामाच्या सूकमधला शिंपी नायलॉन शिवून देईल, पण सुईच्या भोकांवर आतून पट्टी चिकटवायला विसरू नका. कडेचं लास्टिक सैल पडलं असेल तर मात्र शिलाईच्या भानगडीत न पडता सरळ नवा स्कर्ट घ्या.