जाळ्यात लहान हिरवे कासव आले तर

मोरजी, आगोंद, गालजीबागच्या वाळूत अंडी घालायला येते ते ऑलिव्ह रिडले. हिरवे कासव वेगळे. नाव पाठीवरून नव्हे, आतल्या हिरवट चरबीवरून पडलेय.

याचे पिल्लू अंड्यातून निघाले की थेट खोल समुद्रात जाते. काही वर्षे तिथेच, मिळेल ते खाऊन वाढते. पाठ दीड-दोन वीत झाली की उथळ पाण्यात, खडपांजवळ येते आणि मग शेवाळ, समुद्री गवत हेच त्याचे खाणे. आपली जाळीही तिथेच असतात. अंडी घालण्याच्या वयाला यायला त्याला 25 वर्षे, कधी जास्तही लागतात. एवढ्या वर्षांचे नुकसान एका जाळ्यात होते.

कासव फुप्फुसाने श्वास घेते. अडकून वर येता आले नाही की बेशुद्ध पडते. हालत नाही म्हणून तसेच पाण्यात टाकले तर बुडून मरते. पोटावर ठेवा, उताणे नको. मागची बाजू वीतभर उंच करा (खाली जुना टायर चालतो), म्हणजे फुप्फुसातले पाणी उतरते. सावलीत ठेवा, ओले फडके घाला, नाकपुड्या मोकळ्या. शुद्धीवर यायला कधी 24 तासही लागतात. सोडताना इंजिन न्यूट्रलला हवे.

जाळे कापताना जीव तुटतो, आम्हालाही कळते. पण 1972च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणून बोटीवर ठेवलेत तर वनखात्याला लगेच फोन करा.